जुम्म्याची आगगाडी

“हे रूळ उपट, विमल. वळण जमलं नाही.”

विमलानं पकड उचलली. मागच्या जुम्म्याला अख्खी दुपार खपून ठोकलेले रूळ आज पुन्हा उपटायचे होते. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून केलेले रूळ, सागवानी काड्यांचे स्लीपर, आरशाच्या तुकड्याची पूर्णा नदी. सासऱ्यांची, व्यंकटरावांची, ही आगगाडी पूर्णेच्या पुलावरून मोठ्या दिमाखात निघायची आणि पिंगळी स्टेशनाच्या पुढं अडून बसायची. परभणीचं स्टेशन केव्हाच तयार होतं, पण रूळ काही तिथवर पोचायचं नाव घेत नव्हते.

व्यंकटरावांचा जन्म तहसील कचेरीत गेला. आता पेन्शनीचा वजिफा घेऊन घरी बसले होते, तरी या छंदाला हात लावायचा तो जुम्म्यालाच. कचेरीला सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. ती सवय हाडीमाशी खिळली होती. बाकीचे दिवस दुपारी छत्री घेऊन स्टेशनात जायचं, खरी गाडी डोळे भरून बघायची आणि घरी यायचं.

“गाडी परभणीला लागली की उद्धवला रजा मिळती बघ,” ते म्हणाले.

विमला खाली मान घालून खिळे वेचू लागली.

उद्धव तिचा नवरा, व्यंकटरावांचा एकुलता एक मुलगा. सिकंदराबादला रेल्वेत नोकरीला होता. श्रावणात तिकडं पटकीची साथ आली आणि दोन दिवसांत तो गेला. चुलतभाऊ बन्सीधरनं तिकडंच सगळं उरकलं आणि दुपारच्या गाडीनं परभणीला आला. त्यानं मागच्या दारी विमलाला बातमी सांगितली तेव्हा शेजारी दिनकरराव वैद्य उभे होते. तिला धड रडूही न देता ते म्हणाले, “पोरी, तुझ्या सासऱ्याचं काळीज लय दुबळं झालंय. हे त्याच्या कानावर गेलं की तो बसल्या जागी संपला म्हणून समज. तू आहे तशीच राहा.”

ती तशीच राहिली. दुसरं करणार काय? आपल्यापायी म्हातारा मेला, हे ओझं घेऊन कसं जगायचं? रोज सकाळी आरशापुढं उभी राहून ती कुंकू लावायची. नवरा गेल्याचं दुःख एक, ते लपवायचं दुःख दुसरं. रडायचं ते चुलीपुढं, धुराचं निमित्त करून.

सासऱ्यांना तर भलतंच सुचायचं. परवा तिच्या हातांकडं बघून म्हणाले, “दोनच बांगड्या? घरात दारिद्र्य आलंय का?” लगेच कासारणीला बोलावणं. हिरवा चुडा भरताना विमलाला वाटलं होतं, यापरीस विस्तवावर हात धरवला असता. चुडा भरून होईस्तोवर म्हातारा समोरून हलला नाही.

“विमल, पिंगळीचा सिग्नल दे बघू.”

तेवढ्यात अंगणात बैलगाडी थांबली. वालूरहून नर्मदाबाई आल्या होत्या. व्यंकटरावांची थोरली बहीण. अंगावर तांबडं आलवण, डोईवर पदर, पदराखाली वस्तरा फिरलेलं डोकं. लहानपणीच कपाळ पांढरं झालेली बाई. तेव्हापासून सोवळं आणि उपासतापास हाच संसार.

त्यांनी विमलाला ओसरीवरच गाठलं.

“हे काय चाललंय गं? नवरा जाऊन तीन महिने झाले आणि तू चुडा भरून मिरवायलीस?”

“आत्याबाई, हळू बोला. मामंजींना ठाऊक नाही.”

“मग ठाऊक करून द्यायला पाहिजे. जे माझ्या नशिबी आलं ते तुला चुकलंय होय? न्हाव्याला सांगून आलेय मी.”

विमलानं त्यांचे पाय धरले. “माझं काय व्हायचं ते होऊ द्या. माझे केस न्या, सगळं न्या. पण त्यांना सांगू नका. वैद्यबुवांनी बजावलंय, ते जगायचे नाहीत.”

ती हे मनापासून बोलत होती. उद्धवमागं तिला आपलं म्हणावं असं हे एकच माणूस उरलं होतं. पण नर्मदाबाईंनी पाय सोडवून घेतले आणि सरळ खोलीत गेल्या.

“व्यंकट, तुझ्यापासून लपवायलेत सगळे. तुझा उद्धव गेला. श्रावणातच गेला.”

विमला माजघरात धावली, तांब्या भरून घेतला आणि परत फिरली. आता म्हातारा कोसळणार, आता तांब्यातलं पाणी तोंडात घालावं लागणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पण काही कोसळलं नाही. हातोडीची ठकठक चालू होती.

दाराशी तिचा पाय अडखळला. व्यंकटराव रुळांवर वाकले होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण त्या पुसायला त्यांनी हात उचलला नाही. ती दारात उभी आहे हे त्यांना दिसलंच नाही.

“अक्का,” ते सावकाश म्हणाले, “बन्सीधर गाडीतून उतरला तेव्हा फलाटावर मी होतो. आधी मला सांगितलं त्यानं. दिनकरला काय बोलायचं ते मीच पढवलं. तुझ्या डोक्याला वस्तरा लागला तेव्हा तू कशी ओरडत होतीस, ते अजून कानात आहे माझ्या. मला कळलेलं नाही तोवर माझ्या घरात पोरीच्या कपाळाला कुणी हात लावत नाही. तेव्हा तू आज काही बोलली नाहीस आणि मी काही ऐकलं नाही.”