निरोगी माणसाचं रक्त

आकडा तिसऱ्यांदाही नॉर्मल आला. टेक्निशियनने कपाळाला हात लावला. नॉर्मल रिपोर्ट पाहून इतका दुःखी झालेला माणूस त्या लॅबमध्ये आजवर कुणी पाहिला नसेल.

रक्त त्याचं स्वतःचं होतं. दंडाला बांधलेला पट्टा दातांत धरून त्याने ते तीन दिवस रोज काढलं होतं. आपली थायरॉइड बिघडलेली निघावी, एवढंच त्याचं मागणं होतं. मानेतली ही ग्रंथी जास्त धावायला लागली की माणूस चिडका होतो, हे तो तीस वर्षं लोकांना सांगत आला होता. आता तिच्यावर खापर फोडायची पाळी त्याची होती.

घरी प्रकरण हातघाईवर आलं होतं. मागच्या आठवड्यात दाराशी उभं राहून बायकोला पर्समधली किल्ली सापडेना. तो जिन्यातच असा ओरडला की तिन्ही मजल्यांची दारं उघडली. ती आत येऊन बराच वेळ खुर्चीत बसली आणि मग आपल्या संथ, बसक्या आवाजात म्हणाली, "एक तर तुमच्या मानेत काहीतरी बिघडलंय, नाहीतर तुम्ही असेच आहात. बिघडलं असेल तर मी थांबते, गोळ्या वेळेवर देते. नसेल तर शुक्रवारी लेकीकडे जाते. कायमची."

आज गुरुवार होता.

बिघाड आपल्यात नाही म्हणजे तो मशीनमध्ये असणार, असं त्याने ठरवून टाकलं. मशीन पारखायचं कंपनीचं द्रावण लावून पाहिलं. तेही बरोबर आलं. म्हणजे द्रावणही बिघडलेलं. आता त्याला खात्रीच्या निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. त्याचा आकडा चुकला की मशीन खोटं, आणि मशीन खोटं ठरलं की आपण आजारी. असा माणूस शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. बायको कधी कशाची तक्रार करत नसे. डोकं थंड, बोलणं थंड, आणि चालणं तर इतकं थंड की रस्ता ओलांडून तो पलीकडून तिच्या नावाने शंख करत उभा राही. दुपारी आडवी झाली की चार हाकांशिवाय उठत नसे. याहून ठणठणीत माणूस कुठला?

शुक्रवारी सकाळी त्याने तिचं रक्त घेतलं. मशीन तपासायचंय, एवढंच सांगितलं. भर उन्हाळ्यात तिच्या अंगात स्वेटर होता. त्याची बाही वर सरकवायला तिने इतका वेळ लावला की तो वसकन अंगावर गेलाच. हात गार, कातडी कोरडी, शीर सापडेना. त्याबद्दलही बोलणी तिनेच खाल्ली.

दहा वाजता आकडा आला. पाचच्या आत असायला हवा होता, तो शहाऐंशी होता. टेक्निशियन आनंदाने खुर्चीतून उठलाच. मशीन धडधडीत खोटं बोलत होतं. कागद नाचवत तो लॅबच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

डॉक्टरीणबाई त्याच्या लेकीच्या वयाच्या. रक्त ओळखीच्या एका बाईंचं आहे, एवढंच त्याने सांगितलं. त्यांनी तक्रार ऐकून घेतली, तोच नमुना दुसऱ्या मशीनवर लावला आणि तासाभराने त्याला बोलावलं.

"मशीन चोख आहे, काका. या बाईंची थायरॉइड जवळजवळ बंद पडलीय. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी तिला काम कर, काम कर म्हणून ओरडते. हा आकडा म्हणजे ते ओरडणं. पण जिच्यात दमच उरला नाही, तिला ओरडून काय होणार?"

मग त्या एकेक विचारत गेल्या. थंडी वाजते का, विसरतात का, सारखी झोप येते का, आवाज बसलाय का. तो हो हो म्हणत राहिला. घरचे आळशी म्हणत असतील बिचारीला, असं त्या म्हणाल्या तेव्हा त्याने नुसती मान हलवली. घरचे म्हणजे कोण, ते काही त्याच्या तोंडून निघालं नाही. जी लक्षणं तो गावभर लोकांना बोटांवर मोजून दाखवत होता, त्याच लक्षणांशी तो रोज घरी जाऊन भांडत होता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दोन्ही रिपोर्ट टाइप करायला तोच बसला. त्याच्या आकड्यातलं दशांशाचं टिंब एक घर डावीकडे सरकवलं की ग्रंथी जास्त धावतेय असं दिसून तो आजारी ठरत होता आणि बायको थांबत होती. तो टिंबाकडे बराच वेळ पाहत राहिला. पण आपला रिपोर्ट खोटा आहे हे तिला कळलं, तर तिच्या खऱ्या रिपोर्टवरही ती विश्वास ठेवणार नव्हती. त्याने टिंब होतं तिथेच राहू दिलं.

घरी ती बॅग भरत होती. घडी घातलेला कपडा उलगडून पुन्हा घडी घालत होती. तो दारात उभा राहिला आणि घडी पूर्ण होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "माझं नॉर्मल आलं. मी असाच आहे."

आणि मग त्याने तिचा कागद तिच्या हातात दिला, सगळं सांगितलं. तिने तो दोनदा वाचला.

"म्हणजे मी आळशी नव्हते."

"नव्हतीस."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो घाईघाईने सांगत सुटला. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, दोन-तीन महिन्यांत पूर्वीसारखी होशील, मी स्वतः घड्याळ लावून देईन. तिने डोळे पुसले, कागदाची घडी करून बॅगेत ठेवली आणि चेन ओढली.

"अहो," ती म्हणाली, "या गोळ्या लेकीच्या गावातही मिळतात ना?"