शेठ चालत नाहीत

ड्रायव्हर गुडघ्यांवर बसला आणि पातेल्याचं झाकण वाजवत म्हणाला, "या शेठ, दोनच पावलं."

शेठ पलंगाला धरून उभे होते. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, पलंग सोडला आणि धपकन खाली बसले. मग हात-गुडघे आपटत असे सुसाट आले की ड्रायव्हरला झाकण मागे घ्यायलाही वेळ मिळाला नाही. शेठ तेरा महिन्यांचे होते. घर सगळं त्यांच्याच हुकमावर चालायचं, म्हणून बापाने मुलाचं हे नाव पाडलं होतं.

मुलाने शनिवारच्या आत चालायला हवं होतं. बायको नर्स होती. तिच्या हॉस्पिटलच्या पाळणाघरात स्वतःच्या पायांनी आत येणारं मूलच घेत. तिथली बाई तोंडावर सांगायची की पोरं अकरा आणि पाठ एक, उचलत बसणं तिला जमणार नाही. बायकोची रजा संपली तेव्हा दोघांनी ठरवलं होतं की मूल चालेपर्यंत ड्रायव्हरने घरी थांबायचं आणि मग पुन्हा ट्रकवर जायचं. आता गाडीमालकाचा फोन आला होता. गाडी नवी, रस्ता लांबचा. शनिवारपर्यंत थांबतो, नाहीतर दुसरा माणूस बसवतो, असं मालक म्हणाला होता.

बारा वर्षं त्याने चौदा चाकांची गाडी हाकली होती. सहा महिने झाले, तो दोन खोल्यांत अडकून पडला होता. शेठ रांगायला लागले तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांनी केवढं कौतुक केलं. कौतुक शेठचं, धावपळ बापाची. खालचे कप्पे नाडीने बांधले, केराचा डबा टेबलावर चढला, चपला खिडकीत गेल्या. तरी शेठना पलंगाखाली रोज काहीतरी सापडायचंच आणि ते थेट तोंडात जायचं. ट्रकला निदान ब्रेक तरी असतो. संडासला जायचं तेही दार उघडं ठेवून. खाली रस्त्यावर मोठा हॉर्न वाजला की कोणती गाडी गेली ते त्याला न बघता कळायचं, तरी तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा. आपल्याला घराचा वीट आलाय, मुलाचा नाही, असं तो स्वतःला बजावायचा. कधीकधी ते त्याला पटायचं नाही.

संध्याकाळी बायको आली की तो तासभर पाय मोकळे करायला बाहेर पडायचा. परत यायचा तेव्हा शेठ तिच्या कडेवर असायचे. पोराला असं कडेवर घेऊन बसलीस तर ते चालणार कधी, यावरून त्याने तिला दोनदा बोल लावले होते. तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं होतं. दारात चप्पल काढताना मात्र ती रोज न चुकता विचारायची की आज चालला का.

शुक्रवारी दुपारी तो गॅलरीत कपडे वाळत घालत होता. घर फार शांत वाटलं म्हणून त्याने खिडकीतून आत डोकावलं.

शेठ खोलीच्या मधोमध उभे होते, कशालाही न धरता. ते चालत खुर्चीपर्यंत गेले, खुर्चीला वळसा घातला, खाली वाकून झाकण उचललं आणि तसेच परत फिरले. एकदाही डुगडुगले नाहीत. ड्रायव्हरला इतका आनंद झाला की हातातला ओला शर्ट खाली पडला. मग त्याचं लक्ष त्या वळणाकडे गेलं. नवशिका माणूस वळणावर ओळखू येतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. हा नवशिका नव्हता. याचा आठ-दहा दिवसांचा तरी सराव झाला होता, तोही रोज संध्याकाळी, तासभर.

तो संतापला. आत येऊन त्याने मालकाचा नंबर काढला. ती रोज विचारत होती, आणि तिला रोज ठाऊक होतं. त्याला कोंडून ठेवायला तिला कुलूपसुद्धा लागलं नव्हतं.

नंबर लावायचा मात्र राहून गेला. हे मूल त्याने पहिल्यांदा पाहिलं ते नवव्या दिवशी. कळा सुरू झाल्या तेव्हा तो हजार किलोमीटरवर माल उतरवत होता आणि ती बॅग घेऊन एकटी टॅक्सीत बसली होती. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नव्हती. आताही थांब म्हणाली नव्हती, कारण मूल चाललं की जाऊ द्यायचं असा शब्द दिला होता. मुलाचं चालणं लपवायचं, तिला एवढंच सुचलं होतं. त्याला तिचा राग आला, आणि दयाही आली, आणि दया आली म्हणून पुन्हा राग आला.

संध्याकाळी ती आली. शेठ जमिनीवर बापाच्या पायाशी बसले होते. तिने खाली बघतच चप्पल काढली.

"आज चालला का?"

तिने श्वास रोखलाय, हे त्याला इतक्या लांबूनही कळलं.

"नाही," तो म्हणाला. "अजून रांगतोच आहे."

"काही मुलं उशिरा चालतात," ती म्हणाली.

तेवढ्यात शेठ बापाच्या गुडघ्याला धरून उठले. गुडघा सोडला. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा पावलं चालत ते आईकडे गेले, आणि दोघांकडे आळीपाळीने बघत उभे राहिले.

टाळी कुणीच वाजवली नाही.