पुंजारामची सागवानी बंगली

पुंजारामने बंगलीच्या तुळईतल्या भोकावर अंगठा दाबून धरला होता आणि आत भुंगा घुमत होता. अंगठा काढावा तर भुंगा बाहेर, न काढावा तर व्यापारी केशवराव दारात. खालून त्याची बायको कौशल्या सांगत होती, केशवरावांची दमणी गाडी मारुतीच्या पारापाशी आली, आता तरी उतरा. पुंजाराम उतरला. त्याच्यामागोमाग भुंगाही ऐटीत बाहेर पडला आणि दोन घिरट्या घालून शेजारच्या भोकात शिरला.

पुंजाराम भातकुलीचा सुतार. बैलगाड्या बनवायचा. दुकानापुढे गिऱ्हाईक बसवायला म्हणून त्याने दिवाळीत ही लाकडी बंगली उभी केली होती. दिवसच तसे होते. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. आगगाडी अजून खानदेशातच रेंगाळत होती. तिथवर कापूस न्यायला गाड्या लागायच्या आणि गाड्यांना सुतार. अशा दिवसांत सुताराने झोपडीत बसून सौदा करायचा की काय? बंगली हवीच. फक्त साग उरला नव्हता. मग पुंजारामने सालई आणली. मऊ, स्वस्त, चुलीत घालायच्या लायकीची. तिला गेरू फासला, वर तेल चोपडलं आणि गावभर सांगितलं की मेळघाटातला पक्का साग आहे. माणसांना ते पटलं. भुंग्यांना नाही.

होळी झाली आणि ते आले. काळेभोर, टपोरे, नाकासमोर येऊन गुरगुरणारे. बोट जाईल एवढं गोल भोक पाडायचे आणि आत संसार थाटायचे. सुताराने सामता फिरवून पाडलेलं भोकही इतकं साफ नसतं, हे पुंजाराम मनातल्या मनात कबूल करायचा. त्याने कडुलिंबाचा धूर केला, तेव्हा गिऱ्हाईक पळालं, भुंगे राहिले. चुना भरला, तो त्यांनी कोरून काढला. गाडीचं वंगण लावलं, ते पाहुण्यांच्या धोतरांना लागलं. या घरात खरा कारागीर कोण ते आता कळलं, असं कौशल्या येता-जाता म्हणायची.

रस्त्यापलीकडे चंद्रभान सुताराची ओसरी होती. अस्सल साग, खांबाखांबावर मोर कोरलेला. भुंगा तिकडे फिरकायचासुद्धा नाही. चंद्रभान रोज सकाळी तिथूनच पुंजारामच्या भुंग्यांची खुशाली विचारायचा. पुंजारामच्या गाड्या महाग पडायच्या, म्हणून त्याच्या गिऱ्हाइकांनी एकेक करून रस्ता ओलांडला होता. आता आशा उरली होती ती केशवरावांची, अमरावतीच्या कापसाच्या बड्या व्यापाऱ्यांची. गेल्या साली त्यांच्या गाड्यांची चाकं वाटेतच मोडली होती आणि कापूस मातीत गेला होता. यंदा साऱ्या गाड्या ते एकाच सुताराकडे देणार होते. कोणाकडे, हे ठरवायलाच ते आले होते. हे काम चंद्रभानकडे गेलं की पुंजारामला दुकान मोडून त्याच्याच हाताखाली रोजाने रंधा मारावा लागणार होता. चंद्रभानने तसं हसत हसत बोलूनही दाखवलं होतं.

केशवराव बंगलीत येऊन बसले. घुमण्याचा आवाज झाकायला पुंजाराम मोठमोठ्याने बोलू लागला. पाऊसपाणी झालं, बैलबारदाना झाला, अमरावतीचा भाव झाला. तेवढ्यात केशवरावांच्या पागोट्यावर भुसा पडला. मग खांद्यावर. मग त्यांच्या हातातल्या पाण्याच्या लोट्यात. त्यांनी तो चिमटीत धरून चुरला आणि वर पाहिलं. वर भोकाभोकातून भुसा गळत होता.

"पुंजाराम, हे सागवान हाये काय?"

'हो' हा शब्द पुंजारामच्या जिभेवर तयार होता. पण भुसा समोरच्या माणसाच्या चिमटीत होता. लाजेने त्याचे कान तापले.

"नाही जी. सालई हाये."

"मंग साग कोठी गेला?"

"गाड्यात गेला, जी. घर पडलं तं माह्याच डोक्यावर पडते. गाडी मोडली तं बैल मरते."

केशवराव उठले. पुंजारामने ओळखलं, संपलं. उद्यापासून मोरांच्या ओसरीत बसायचं. केशवराव बाहेर गेले. अंगणात एक तयार गाडी उभी होती, गेरू-तेलाने चकचकीत. असा रंग चढवला की आतलं लाकूड कोणाचा बाप ओळखत नाही. त्यांनी पडलेला वाकस उचलला, गाडीचा गेरू जरासा तासला आणि खाली वाकून पाहिलं. आत अस्सल साग होता. मग रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथे चंद्रभान हात जोडून, मोराला टेकून उभा होता.

"औंदा माह्या साऱ्या गाड्या तूच करजो," केशवराव पुंजारामला म्हणाले. "साग ज्याच्या ओसरीत दिसते, त्याच्या गाडीत काय असते, हे मी गेल्या साली रस्त्यावर पाह्यलं."

भुंग्यांचा उद्याच बंदोबस्त करतो, एवढंच पुंजाराम कसंबसं पुटपुटला. राहू दे त्याहिले, म्हणत केशवराव दमणीत चढले. त्यांचं बोलणं संध्याकाळपर्यंत साऱ्या भातकुलीला पाठ झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यापलीकडून घुर्र घुर्र आवाज येऊ लागला. भुंग्यांनी बिऱ्हाड हलवलं की काय, म्हणून पुंजाराम धावत बाहेर आला. चंद्रभान सामता घेऊन आपल्या सागवानी मोराच्या छातीत गोल भोक पाडत होता.