आत रोल आहे

टेबलावर सहा वस्तू होत्या: कॅमेरा, लेन्सचं झाकण, चामडी कव्हर, मनगटाचा पट्टा, खोका आणि माहितीपत्रक. भावाने त्या दोनदा मोजल्या. मग कॅमेरा तळहातावर तोलला.

“जड लागतोय.”

“तुझाच आहे, दादा,” बहीण म्हणाली. आईकडे राहायला जाताना तिने तो मागून नेला होता, आज परत आणला होता.

जुन्या धाटणीचे असे पाचशेच कॅमेरे कंपनीने काढले होते, प्रत्येकावर क्रमांक कोरलेला. याच्यावरचा क्रमांक बरोबर होता.

“क्रमांक काय, कुणीही कोरून देईल.” त्याने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. तीनशे सात ग्रॅम. माहितीपत्रकात दोनशे सत्तर.

“आत रोल आहे, सेल आहे. रोल गुंडाळायची कळ अडकलीय. उद्या फोटोवाला अंधाऱ्या खोलीत काढून देणार आहे.”

“माझ्याकडे कधी अडकली नाही ती. आणि उद्या न्यायचा कुणी, तू?”

“तू ने.”

“तुझ्याच ओळखीच्या फोटोवाल्याकडे?”

वहिनी दारातच उभी होती. “ते नकली घड्याळ घेतलंत तेव्हा नाही आठवला वजनकाटा?”

“म्हणूनच. दुधाने तोंड पोळलंय माझं.”

“अहो, पण हे ताक घरचं आहे!”

“रोल पंचवीसेक ग्रॅम, सेल दहाएक,” बहीण म्हणाली. “वजा करून बघ ना.”

“अंदाजपंचे नको.” त्याने कॅमेरा उलटा केला.

“दादा, थांब. त्यात आई आहे. वारली त्याच्या आदल्या दिवशी गॅलरीत बसली होती, हसली होती. तिचे शेवटचे फोटो दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. उजेड लागला तर सगळं जाईल.”



“उघडू नये म्हणून याहून चांगलं कारण तुलाही सापडलं नसतं,” तो म्हणाला आणि नखाने मागचं झाकण उचकटलं.

खिडकीतलं ऊन थेट आत पडलं. बहिणीने हात पुढे केला आणि मागे घेतला. त्याने जांभळट पट्टी ओढून काढली, रोल काढला, सेल काढला. झाकण लावलं. रुमालाने कॅमेरा पुसून काट्यावर ठेवला.

आकडे जरा हलले, मग थांबले.

दोनशे सत्तर.