सरळ टोकाचा कोयता
फॉरेस्टच्या साहेबांनी जिप्सीच्या बॉनेटवर कोयता ठेवला आणि हेमराजनं तो पाहताक्षणी ओळखला. मुठीवरची सायकलच्या ट्यूबची पट्टी त्यानंच गुंडाळली होती. म्हणजे माय आज पुन्हा सरपणासाठी व्याघ्रप्रकल्पाच्या कोअरमध्ये शिरली आणि गार्ड दिसताच कोयता टाकून पळाली असणार! म्हातारीला हजारदा सांगितलं होतं, तिथं काडी तोडायलाही बंदी आहे, आणि त्याच्यासारख्या सफारी गाइडच्याच घरचं माणूस सापडलं तर बिल्ला गेला, पोटही गेलं. "तू इथलाच ना? जंगलात सापडला हा. कोणत्या गावचा असेल, ओळख बरं," साहेब म्हणाले. हेमराजनं कोयता उचलून उगाच उलटापालटा केला. खोटं बोलायची गरजच नव्हती. "इकडला नाई साहेब. आमचा लोहार टोकाले बाक देते. हे टोक सरळ हाये. नदीपल्याडचा माल हाये हा." खरंच होतं ते. लग्नात मायनं माहेराहून आणलेला कोयता होता तो. हेमराजचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी लगेच फोन लावला. "हं, बाई नदीपलीकडची आहे. प्रेत तिकडेच न्या, आणि गावागावांत विचारा, कोण घरी परतलं नाही. वाघानं चेहरा ओळखण्याजोगा ठेवलेला नाही, तेव्हा घरच्यांना हा कोयताच दाखवावा लागेल." फोन खिशात टाकून त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे." हेमराजची बोटं मुठीवरून सुटेनात.