धोंडूबाईची वजरी

धोंडूबाईचा अंगठा यंत्राने तिसऱ्यांदा नाकारला. कर्जतच्या नोंदणी कार्यालयात नीलेशने आईच्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून जोर दिला, तरी लाल दिवा लागायचा तो लागलाच.

"कातडी पार सुकलीय आजींची," कारकून म्हणाला. "रेघा पुसट येतात. पंधरा दिवस क्रीम चोळा, मग या."

पळसदरीच्या धरणाजवळचं शेत धोंडूबाईच्या नावावर होतं. मुंबईच्या एका पार्टीला ते विकत घेऊन तिथे पोहण्याचा तलाव बांधायचा होता. शेजारी अख्खं धरण असताना! धोंडूबाई महिनाभर 'नाय' म्हणत होती. पण घरात तिच्या तोंडाला कुणी विचारत नव्हतं. हवा होता तो अंगठा.

आईला जन्मात कधी खोबरेलाची डबी न आणलेल्या नीलेशने त्याच संध्याकाळी क्रीमची भलीमोठी बाटली आणली.

"येवडं आनलंस तर टाचा घासायला एक वजरी पन आन रं," धोंडूबाई म्हणाली. "लई भेगा पडल्यात."

म्हातारी वळणावर आली म्हणून नीलेश खूश झाला. त्याने भाजक्या मातीची चांगली खरखरीत वजरी आणून दिली.

सून हर्षला सकाळ-संध्याकाळ सासूचे हात चोळू लागली. साठ वर्षं भात लावलेले ते हात आठवड्यात मऊ पडले. शेजारची मंगळी कुंपणावरून ओरडली, "धोंडे, दुसरं लगीन करतीस का काय गं?"

"नवरा नको गं बाय," धोंडूबाई म्हणाली. "जमीन हाय तवर हात चोळायला मानसं हायत. ती गेली का मला चा तरी कोन विचारील?"

हर्षलाला राग आला. तिने सासूचा चहा एक दिवस चुकवला नव्हता. मग तिच्या मनात आलं, आपल्या नावावर काय आहे? बराच विचार केल्यावर मोबाईलचं एक सिम निघालं.

पंधरा दिवसांनी हातांना बदामाचा वास येत होता आणि दिवा लालच होता. कारकुनाने अंगठा उजेडात धरला. "मागच्या वेळी पुसट तरी रेघा होत्या. आता एक पण नाही."

पार्टीने आणखी पंधरा दिवस दिले. घरी येताच नीलेशने बाटली हर्षलाच्या हातात कोंबली. "आता दिवसातनं चार वेळा लाव."

हर्षला मोरीत हात धुवायला गेली. कोनाड्यात वजरी होती. तिच्या मधोमध अंगठ्याएवढा खळगा पडला होता. हर्षलाने पडवीत बसलेल्या सासूच्या टाचांकडे पाहिलं. भेगा जशाच्या तशा होत्या.

धोंडूबाईने गुपचूप पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"काय बघतेस गं?" नीलेशने विचारलं.

"काय नाय," हर्षला म्हणाली. "आईंची वजरी झिजलीय. उद्या बाजारातनं नवी आनते, याच्यापेक्षा खरखरीत बघून."