वाऱ्याचा दोष

शहराच्या हवेत किरणोत्सारी धूळ असल्याचं शास्त्रज्ञ बाईंना आज सकाळीच यंत्रावर दिसलं. ती कोणी सोडली हे विचारायला त्यांनी आसपासच्या तिन्ही अणुप्रकल्पांच्या साहेबांना बोलावलं, तर तिघेही असे साळसूद, जणू यांच्या धुराड्यांतून अत्तरच सुटतं.

"मी तर हे आत्ता तुमच्याच तोंडून ऐकतोय," त्यातले थोरले साहेब गुरकावले. "वारा कुठून काय आणतो, त्याचं खापर आमच्या डोक्यावर का फोडता?"

तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. सासूबाईंचा होता. तो बंद करायच्या घाईत त्यांनी भलतंच बटण दाबलं आणि आवाज खोलीभर घुमला.



"जावईबापू, तुम्ही सांगितलंत म्हणून परवापासून खिडक्या लावून बसलेय. जीव उबून गेला हो, आता तरी उघडू का?"